जुन्या डब्याचा अ‍ॅक्सल बॉक्स परत परत गरम होतोय? तेल ओतायच्या आधी हे बघा

आम्ही कोल्हापुरातली काही मंडळी सुट्टीच्या दिवशी म्युझियममधल्या जुन्या नॅरोगेज डब्यांवर काम करतो. रंग, लाकूडकाम, छपराचा पत्रा सगळं असतंय, पण सगळ्यात जास्त वेळा हातात येणारा बिघाड एकच, अ‍ॅक्सल बॉक्स, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या टोकाला असलेली बेअरिंगची पेटी, गरम होणं. रेल्वेतली जुनी माणसं हॉट अ‍ॅक्सल म्हणतात. दुरुस्त केला, चालवला, पावसाळा गेला की परत तोच बॉक्स नाहीतर त्याच्या समोरचा. म्युझियममध्ये नवीन आलेली पोरं दरवेळी तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हे फक्त साध्या बेअरिंगवाल्या डब्यांसाठी आहे. आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यांना रोलर बेअरिंग असतंय, तिथं ग्रीस असतंय, तो हिशोब पूर्ण वेगळा. तुमच्या बॉक्सला पुढं उघडणारं झाकण असेल आणि आत तेलात भिजलेलं वेस्ट (सुताच्या नाहीतर लोकरीच्या दोऱ्यांचा गुंता) किंवा पॅड दिसत असेल तरच पुढं वाचा.

आत काय असतंय ते थोडक्यात, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतंय. अ‍ॅक्सलचं टोक चाकाच्या बाहेर येतं, त्याला जर्नल म्हणायचं. जर्नलच्या वरच्या बाजूला ब्रास, म्हणजे बेअरिंगचा धातूचा तुकडा, बसलेला असतो, त्याला आतून व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचा थर. डब्याचं वजन कमानपाट्यावरून बॉक्सवर, बॉक्सवरून ब्रासवर आणि ब्रासवरून जर्नलवर येतंय. तेल मात्र खाली, बॉक्सच्या तळाला. ते वर चढवायला पंप वगैरे काही नाही, वेस्ट खालून जर्नलला टेकलेलं असतंय आणि वातीत तेल चढावं तसं त्याच्यातून तेल चढतंय, जर्नल फिरलं की ते ब्रासखाली ओढलं जातंय. म्हणजे वेस्ट टेकलेलं पाहिजे आणि ते तेलानंच भिजलेलं पाहिजे, या दोन गोष्टींवर सगळा डोलारा उभा आहे.

लक्षणं काय दिसतात

एक बॉक्स बाकीच्यांपेक्षा गरम लागतो. डबा ढकलायला जड जातो, कालपर्यंत चार माणसांत हलणारा डबा आज सहा माणसं लावून कुरकुरतो. बारीक चिरकणारा आवाज येतो, विशेषतः पहिल्या दोन-चार फेऱ्यांत, मग बंद होतो आणि लोकांना वाटतंय बरं झालं. चाकाच्या तबकडीवर आतून तेलाचे फराटे. बॉक्सवरचा रंग फुगलेला किंवा तपकिरी पडलेला. झाकण उघडल्यावर जळकट वास, तेल काळं किंवा दुधाळ, आणि बोटावर घेऊन उन्हात धरलं की चंदेरी कण चमकतात. हे शेवटचं दिसलं तर व्हाइट मेटल झिजून तेलात उतरायला लागलंय, त्या दिवशी डबा हलवायचा नाही.

धूर निघेपर्यंत थांबू नका. आपल्या गाड्या माणसाच्या चालीनं चालतात, धूर यायला फार वेळ लागतो आणि तोवर आतलं नुकसान होऊन गेलेलं असतंय. चुकून धूर आलाच तर दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. झाकण लगेच उघडायचं नाही, आतली तेलाची गरम वाफ हवा मिळताच पेट घेऊ शकते. आणि पाणी मारायचं नाही, तापलेलं जर्नल आणि ब्रास एकदम गार पडले की तडा जातो. गाडी थांबवा, माणसं लांब करा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा आणि बॉक्स आपला आपण गार होऊ द्या, त्याला तास दोन तास लागले तरी लागू द्यात.

आता तपासणी, फुकटातल्यापासून सुरू.

पहिलं, गरम नक्की काय आहे ते बघा

हे ऐकायला साधं वाटतंय पण निम्म्या वेळा बॉक्सचा दोषच नसतो. ब्रेकव्हॅनचा हँडब्रेक अर्धवट आवळलेला राहतो, नाहीतर ब्रेक ब्लॉक चाकाला घासत राहतो, त्याची उष्णता चाकातून अ‍ॅक्सलमध्ये आणि तिथून बॉक्समध्ये येते. चाकाची कड गरम आणि बॉक्स कोमट असेल तर ब्रेककडं जा. बॉक्स गरम आणि चाकाची कड गार असेल तर पुढं चला.

हात लावायचा तो हाताची मागची बाजू, तळवा नाही. पूर्वी स्टेशनात गाडी थांबली की कॅरेज अँड वॅगनची (रेल्वेच्या डबे देखभाल खात्याची) माणसं अशीच एकेक बॉक्स चाचपत गाडीच्या कडेनं जायची. आता तापमानाची गन हजार-दीड हजारात मिळते, जरूर घ्या, पण ती चकचकीत धातूवर धरू नका, आकडा कमी दाखवते. रंगवलेल्या किंवा गंजलेल्या जागेवर धरायची आणि सगळ्या बॉक्सना तीच जागा ठरवून ठेवायची. आकडा किती याच्यापेक्षा शेजारच्या बॉक्सपेक्षा किती जास्त हे महत्त्वाचं, कारण मे महिन्यात उन्हाकडची बाजू नुसती उभी राहूनसुद्धा तापलेली असते. खडूनं प्रत्येक बॉक्सवर नंबर टाका आणि वहीत लिहा. वही नसेल तर दोन महिन्यांनी कुठला बॉक्स गरम होता यावरच वाद होतो.

दुसरं, झाकण

झाकणाची स्प्रिंग ढिली, बिजागरी वाकलेली, गॅस्केट गेलेलं, एवढंच असतंय पण सगळ्याचं मूळ इथं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि झाकणाच्या फटीतून आत जातो. पाऊस संपला की साखर कारखाने आणि गुऱ्हाळं सुरू, मग चिपाडाची काजळी आणि राख हवेत. शेड उसाच्या पट्ट्यात असेल तर सकाळी डब्याच्या पायरीवर बोट फिरवा, काळं होईल. तीच राख तेलात गेली की जर्नलला घासायला लागते. झाकण नीट बसतंय का बघायला आत कागदाची पट्टी धरा आणि बंद करा, सगळीकडं ओढून बघा, जिथं पट्टी सहज निघते तिथून पाणी येतंय. नवीन गॅस्केट आम्ही तेलाला टिकणाऱ्या रबराच्या शीटमधून कापतो, फार खर्च नाही.

तिसरं, तेल, आणि खरं म्हणजे पाणी

इथं जरा थांबून वाचा, कारण बहुतेक लोक इथंच चुकीचा उपाय करतात. बॉक्स गरम झाला की पहिली प्रतिक्रिया काय, तर वरून तेल ओतायचं. तेल पाण्यावर तरंगतंय. तळाला पाणी साठलेलं असेल तर तुम्ही कितीही तेल ओता, ते वरच राहणार आणि वेस्टचं बूड पाण्यातच राहणार, मग ते वेस्ट जर्नलला काय पाजणार, पाणीच. वरून बघितलं तर बॉक्स काठोकाठ भरलेला दिसतोय आणि जर्नल कोरडं.

म्हणून ओतायच्या आधी काढा. तळाला ड्रेन प्लग असेल तर पान्ह्यानं थोडा ढिला करून पहिलं जे येईल ते घ्या. नसेल तर गॅरेजमध्ये तेल ओढायची पिचकारी मिळते, तिची नळी पार तळापर्यंत घालून ओढा. ते पारदर्शक बाटलीत भरा, बाटलीवर बॉक्सचा नंबर लिहा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाण्याचा थर दिसला तर निदान झालं. सगळंच दुधाळ राहिलं, थर वेगळे झालेच नाहीत, तर तेल आणि पाणी एकजीव झालंय, ते सगळं काढून बॉक्स आतून पुसून घ्यावा लागतो. पुसायला दोरे न सुटणारं सुती कापड घ्या, जुनी चादर चांगली.

तेल कुठलं, हा नेहमीचा प्रश्न. साधं खनिज तेल, अ‍ॅक्सल ऑइल म्हणून मिळतं ते. गाडीचं इंजिन ऑइल चांगलं महाग आहे म्हणून इथंही चांगलं असणार असं नाही. त्यात घाण धरून ठेवायला जे मिसळलेलं असतंय ते पाणीसुद्धा धरून ठेवतंय, थर वेगळे होतच नाहीत आणि तुम्हाला पाणी काढता येत नाही. आणि गॅरेजवाले देतात ते काळं, वापरलेलं तेल तर अजिबात नको, फुकट असलं तरी, त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो. ग्रीससुद्धा भरू नका, ते वेस्टमधून चढतच नाही. पातळी किती ठेवायची, तर जर्नलच्या खालीच. जास्त भरलं तर मागून चाकावर गळतंय, फायदा शून्य.

चौथं, वेस्ट

झाकण उघडून हुकनं वेस्ट जरा वर उचलून बघा. दाबून चपटं झालंय का, जर्नलपासून सुटलंय का, वरचा भाग चकचकीत कडक झालाय का. कडक झालेल्या थरातून तेल चढत नाही. दुसरा धोका उलटा, वेस्ट जास्त कोंबलं असेल आणि त्याचा एखादा दोरा जर्नलबरोबर फिरत ब्रासखाली गेला तर तेलाचा पदर तिथंच फाटतो. साध्या बेअरिंगच्या काळात बॉक्स गरम व्हायच्या मोठ्या कारणांपैकी हे एक होतं.

सुती वेस्ट स्वस्त आहे, कुठंही मिळतं, पण ते भिजलं की बसतंय आणि परत वर येत नाही. लोकर दाबली तरी उसळी मारते, जर्नलला टेकून राहते. आम्ही लोकरीवर आलो आणि फरक स्पष्ट दिसला. आपल्या भागात पट्टणकोडोलीकडं धनगर मंडळींकडून घोंगड्याच्या सुताचे उरलेले तुकडे मिळतात, दख्खनी मेंढीची लोकर राठ असते ती या कामाला उत्तम. एकच काळजी, सूत खळ लावायच्या आधीचं मागा. घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावतात, खळ लागलेलं सूत तेल पीत नाही.

लोकर निदान एक पूर्ण दिवस तेलात बुडवून ठेवायची, मग जाळीवर निथळू द्यायची. भरताना आधी एक घट्ट वळकटी करून पार मागं सरकवायची, ती मागची फट बंद करते, धूळ आत येत नाही आणि तेल बाहेर जात नाही. मग मधला भाग सैलसर, पण सगळीकडं जर्नलला टेकलेला. जर्नलच्या मध्यरेषेच्या वर लोकर जाऊ द्यायची नाही. शेवटी पुढं एक वेगळी गुंडाळी, ती मधल्या भागाला गुंतलेली नको. भरून झालं की डबा हातानं एक-दोन चाकफेऱ्या पुढंमागं ढकलून परत झाकण उघडून बघा, लोकर एका बाजूला ओढली गेली असेल तर आत्ताच नीट करा.

एवढं केलं की बहुतेक बॉक्स शांत होतात. कारण म्युझियमच्या डब्यात बिघाड चालून होत नाही, उभं राहून होतोय. रोज चालणाऱ्या गाडीत जर्नलवर तेलाचा पदर कायम नवा होत राहायचा. आपला डबा चार महिने एका जागी, वरचं तेल निथळून जातंय, खाली पाणी साठतंय, ओलं वेस्ट जिथं टेकलंय तिथं जर्नलवर गंजाचा पट्टा उठतोय आणि दसऱ्याला गाडी हलवली की तो गंज कानसेसारखा व्हाइट मेटल खरवडतो. म्हणून पावसाळ्यात फेऱ्या बंद असल्या तरी पंधरा दिवसांनी डबा पाव चाक, अर्धं चाक ढकलायचाच, आणि पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाणी तपासायचंच.

पाचवं, वजन एकीकडं पडतंय का

मीटर टेप घ्या, सपाट सरळ रुळावर डबा उभा करा आणि रुळापासून चौकटीपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांवर मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर कमानपाटा बघा, एखादा पाटा तुटलेला किंवा सरकलेला असतो, तुटलेल्या जागी गंजाची ताजी लाल रेघ दिसते. बॉक्स हॉर्न गाइडमध्ये (ज्या उभ्या खाचेत तो वरखाली सरकतो तिच्यात) तिरका बसला असेल तर ब्रास जर्नलवर एका कडेलाच टेकतो. किती वजनाची गोष्ट आहे ते बघा, १८९७ ला सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी गेजची, तिची आखणीच अ‍ॅक्सलमागं ५ टन धरून केलेली. म्हणजे भरलेल्या गाडीत एका जर्नलवर अडीच टनाच्या आसपास. आपले डबे रिकामे असतात म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण तेवढंच वजन ब्रासच्या दोन बोटं रुंद कडेवर आलं तर व्हाइट मेटल तग धरत नाही.

पाटा तुटलेला असेल तर आपलं काम संपलं. कमानपाट्याच्या दुकानात ट्रकचा पाटा मिळतो म्हणून तो बसवू नका, ताकद आणि वाक दोन्ही वेगळं.

चाकावर तेलाचे फराटे असतील तर मागची डस्ट शील्ड, म्हणजे बॉक्सच्या मागच्या बाजूनं धूळ अडवणारी पट्टी, गेलीय. लाकडाची किंवा फेल्टची असते. काही बॉक्समध्ये ती वरच्या खाचेतून बदलता येते, ते करा. काहींमध्ये चाकजोडी बाहेर काढल्याशिवाय हात पोचत नाही, तिथं फराटे पुसत, तेल तपासत चालवा आणि मोठ्या दुरुस्तीच्या यादीत टाका.

सहावं, ब्रास काढून बघणं

हे काम आम्ही फक्त मामा हजर असताना करतो. मामा म्हणजे आमच्यातले कॅरेज अँड वॅगनमधून रिटायर झालेले फिटर. असा माणूस तुमच्याकडं नसेल तर हा भाग वाचा, करू नका.

डब्याच्या बाकीच्या सगळ्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी. जॅक खडीवर कधीच ठेवायचा नाही, खाली स्लीपरचा जाड तुकडा. जॅक बॉक्सखाली लावून बॉक्स फक्त इतकाच उचलायचा की ब्रासवरचा भार सुटेल, चाक रुळावरच राहिलं पाहिजे. मग वरची ‘की’ (ब्रास आणि बॉक्सच्या मधला धातूचा तुकडा) आणि ब्रास पुढून सरकवून बाहेर येतात. हात बॉक्सच्या आत असताना जॅकला दुसऱ्या कुणी स्पर्शसुद्धा करायचा नाही, आणि जॅकच्या जोडीला लाकडी ठोकळ्यांचा आधार असल्याशिवाय हात आत घालायचाच नाही. मामा ब्रास बाहेर आला की आधी बोलत नाहीत, पुसतात, एका हातावर तोलून लहान हातोडीनं हलकेच टिचकी मारतात आणि कान जवळ नेतात. खणखणीत आवाज आला तर व्हाइट मेटल धरून आहे, बद्द आवाज आला तर आतून सुटलंय. मग ते बोट फिरवायला आपल्याला देतात. मधोमध एकसारखा चकचकीत पट्टा चांगला. कडा दुमडलेल्या, भेगा, धातू वाहून पुढं आलेला, हे वाईट. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथिल, त्यात अँटिमनी आणि तांबं, ते साधारण २४० अंशांच्या पुढं वितळायला लागतंय. म्हणून धातू वाहिलेला दिसला तर बॉक्स आत किती तापला होता याचा तोच पुरावा.

जर्नलवर अंगठ्याचं नख आडवं फिरवा. गंजाचा नुसता डाग असेल, नख अडकत नसेल, तर तेल आणि अगदी बारीक पॉलिश पेपरनं गोलाकार दिशेनं साफ करता येतं, लांबीच्या दिशेनं घासायचं नाही. नंतर कणन् कण पुसून काढायचा.

इथं थांबायचं

नख अडकलं, जर्नलवर निळसर किंवा जांभळी झाक आहे, कुठं तडा असल्याची शंका आहे, व्हाइट मेटल सुटलंय किंवा वाहिलंय, यातलं एकही असेल तर डब्याला लाल पट्टी बांधा आणि माणूस बोलवा. निळी झाक म्हणजे पोलादच तापून गेलंय, अशा अ‍ॅक्सलची अल्ट्रासॉनिक तपासणी झाल्याशिवाय तो डबा माणसं बसवून चालवायचा नाही, वेग कितीही कमी असो. लहान मुलं बसतात त्यात.

व्हाइट मेटल ओतणं घरी किंवा शेडमध्ये करू नका. काही मिश्रणांत शिसं असतंय, त्याची वाफ वाईट, आणि साच्यात पाण्याचा थेंब जरी राहिला तरी वितळलेला धातू उडतो. शिवाय ब्रासला आधी नीट कल्हई धरावी लागते, नाहीतर ओतलेला थर चिकटल्यासारखा दिसतो आणि चार फेऱ्यांत सुटतो. आपल्या गावाचं नशीब चांगलं, उद्यमनगरात जुन्या ऑइल इंजिनांची बेअरिंग भरणारे हात अजून आहेत, चौकशी करा, मिळतात. पण ओतून आणलेला ब्रास जर्नलला निळा रंग लावून टेकवून, उंच जागा खरवडून बसवायचा असतो, ते स्क्रेपिंग अनुभवी फिटरचंच काम. जर्नल टर्निंग करायचं असेल तर अख्खी चाकजोडी घेणारा लेथ लागतो, आणि किती मिलिमीटर काढलं तरी चालतंय हे ठरवायचा अधिकार रेल्वेचं काम जाणणाऱ्या इंजिनिअरचा.

माणूस बोलवायच्या आधी एवढं तयार ठेवा, म्हणजे त्याची एक चक्कर वाचते: डब्याचा आणि बॉक्सचा नंबर, वहीतली तापमानाची नोंद, तळातून काढलेल्या तेलाची बाटली, ब्रासचे उजेडात काढलेले फोटो, जर्नलचा व्यास तीन ठिकाणी मोजून, आणि मागच्या वेळी या बॉक्सला काय केलं होतं ते. दुरुस्ती होऊन आली की पहिली फेरी रिकामी, चालीच्या वेगानं, प्रत्येक फेरीनंतर हात लावून. नवा ब्रास पहिल्या फेऱ्यांत थोडा कोमट होतोच, पण दर फेरीला वाढत चालला तर फेऱ्या तिथंच बंद आणि फिटरला त्याच दिवशी फोन.